डावीकडून

दोन हजार. त्यात पेट्रोल धरायचं नाही.
गाडी मंडईत लावून
तपकीर गल्लीत चालतच शिरावं लागतं,
आणि पगाराला अजून नऊ दिवस.

काउंटरवरचा हितेन डबे मांडतो,
पत्ते वाटावेत तसे.
हा आठशेचा, कान दुखतील, पण बास बघा.
हा चौदाशेचा, वायर कापडी आहे.
हा एकोणीसशेचा, ह्याला दिवे आहेत.
दिवे कशाला, मी विचारतो,
डोक्यावर घातल्यावर दिसणार कुणाला?
“समोरच्याला,” तो म्हणतो. हसतही नाही.

मग माझ्या डोक्यावर एकेक चढवून
तो टेस्टचा आवाज लावतो.
कुणीतरी लाकडी जिन्यावरून चालत येतं.
“आता उजवीकडे. आता डावीकडे गेलं. कळतंय ना?”
मी मान हलवतो.
पाऊल उजवीकडे असतं, मग नसतं.
नसणं म्हणजे डावीकडे,
एवढं मला पाठ आहे.

अकरा वर्षं चाकणला, प्रेस शॉपवर,
दीडशे टनांची प्रेस डाव्या हाताला.
कंपनी इअरप्लग द्यायची, पिवळे, फोमचे.
कॅरमचा स्टँड डुगडुगायचा,
त्याच्या पायाखाली ते फार छान बसायचे.
आता उजव्या कुशीवर वळलो
की घरातलं भांडण संपतं,
माझ्यापुरतं.

रात्री साडेअकराला आम्ही चौघं उतरतो,
पॅराशूटनं, आपापल्या भाड्याच्या खोल्यांतून.
कोंढव्याचा झुबेर, कात्रजची शर्वरी,
आणि खडकीचा एक पोरगा, खरं नाव ठाऊक नाही,
आम्ही त्याला तर्री म्हणतो.
“दादा डावीकडे! अरे डावीकडे!”
तोवर मी उजवीकडच्या झुडपाला
चार गोळ्या घालून मेलेलो असतो.
त्यांना वाटतं, माझं नेट हळू आहे.
मीही टॉवरला शिव्या देतो, मोठ्यानं,
पण लॅपटॉपच्या माइकातून त्यांना
माझ्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू जातो.

“ह्यात मोनो होतं का?”
मी असं विचारतो, जणू शेजाऱ्यासाठी.
हितेन पहिल्यांदाच
डब्यांवरून नजर उचलतो.
“कुठला?”
मी बोट लावून दाखवतो.
तो काउंटरखाली वाकतो, बराच वेळ,
आणि डब्याविना एक हेडफोन वर काढतो.
“गिऱ्हाईकानं परत दिलाय. डावा बंद.
दोनशे द्या. लॅपटॉपमध्ये मोनो करून घ्या,
सगळं उजवीकडे येईल.
दिशा मात्र जाईल.”
दिशेचं राहू दे, मी म्हणतो,
उरलेल्याचा माइक दाखव.

माइक चौदाशे पन्नासचा. छोटासा स्टँड,
तोंडावर काळा फोम,
पुन्हा फोमच.
मी दाबून बघतो. हा काळा आहे, एवढाच फरक.
घासाघीस करावी म्हणून तोंड उघडतो
आणि मिटतो.
साडेतीनशे उरले. त्यातले तीस पार्किंगवाला घेतो.

रात्री पंखा बंद करायचीही गरज पडली नाही.
“कोण हा?” शर्वरी म्हणाली.
“दादा? तुझा आवाज असा आहे होय?”
विमान अजून हवेत होतं.
ऐका, मी म्हणालो,
मला डावा कान नाही.
म्हणजे आहे, पण चालत नाही. आधी सांगितलं नाही.

जरा वेळ नुसताच वारा, गेममधला.

मग तर्री म्हणाला,
“म्हणजे तुझं नेट चांगलं आहे?”
झुबेर एवढा हसला की उडी मारायची राहिली
आणि आम्ही भलत्याच गावात उतरलो.

तेव्हापासून ते घड्याळ सांगतात.
डावी-उजवी बंद.
“दादा, नऊ वाजता. दोघं. जिन्यावर.”
माझ्या भिंतीवर पावणेएक झालेला असतो,
मी नऊकडे वळतो.